उड्या मारू नयेत

३ मार्च

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर बोटं आपटणाऱ्यांना तू उत्तर देत नाहीस, म्हणून कित्येक वर्षांनी कागद-पेन घेऊन बसलो आहे. अक्षराला हसू नकोस.

पत्राचं कारण असं. आमच्या संग्रहालयात शहराच्या डान्स म्युझिकचं प्रदर्शन भरतं आहे आणि ते मांडायचं काम माझ्याकडे आलं आहे. नाव ठेवलं आहे ‘संथ’. तू आणि बाबांनी गोदामात जे सुरू केलंत, त्याला आता बाहेरचे लोक आपल्या शहराचा आवाज म्हणतात. सगळ्या जगात इलेक्ट्रॉनिक संगीत धावत होतं, तेव्हा हे एकच शहर सावकाश नाचत होतं, तेही जमिनीवरून पाय न उचलता, नुसते घासत. या नाचाला आम्ही ‘घसट’ म्हणतो. तो असा का झाला यावर परदेशात दोन प्रबंध लिहिले गेले आहेत. माझं म्हणणं असं, की त्याच वर्षी काचेचा कारखाना बंद पडला होता आणि हरलेल्या माणसांचं दुःख त्या लयीत उतरलं. बाबांनी ते ओळखलं. क्लबचे मालक पुष्कळ झाले, पण बाबा द्रष्टे होते, आणि प्रदर्शनाच्या पहिल्याच भिंतीवर मी तसं लिहिणार आहे.

तुझ्याकडे जुन्या रेकॉर्ड असतील तर हव्या आहेत. त्याहून जास्त तू हवी आहेस. शेवटची मोठी संध्याकाळ २ मेला आहे, तेव्हा तरी ये. आई म्हणाली, बोलाव तिला, येणार नाही, पण बोलाव.

तुझा,
ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बू,

अक्षराला हसले नाही. मजकुराला हसले.

तुझा बाप द्रष्टा होता हे वाचून मला खरंच खुर्चीत बसावं लागलं. अरे, चष्मा नाकावर असताना त्याला चष्मा सापडत नसे. घरभर शोधायचा आणि वर आमच्यावर ओरडायचा. आणि हरलेल्या माणसांचं दुःख कुठून आणलंस? काचेच्या कारखान्यातली पोरं मी डोळ्यांनी बघितली आहेत. भट्टीपासून सुटका झाली म्हणून नवे बूट घालून यायची, आणि दारावरच्या पैलवानाशी हुज्जत घालून दोनदा आत शिरायची. त्यांच्याइतकी खूश माणसं मी नंतर बघितली नाहीत. दुःख त्यांना नव्हतं. ते प्रबंध लिहिणाऱ्यांना असेल, वाचणाऱ्यांना तर नक्कीच.

इतिहास पाहिजे ना, घे. आमच्या आधी शहरात एकच क्लब होता, मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर. तिथे पैसेवाले हातातला ग्लास न हिंदकळवता नाचायचे, म्हणजे उभेच राहायचे. दादाने गाद्यांच्या दुकानाच्या वरचा मजला घेतला. तिथे पूर्वी एका नाटक कंपनीचं सामान पडून असायचं, म्हणून त्याला सगळे गोदाम म्हणत. दोन टर्नटेबलं होती. रेकॉर्ड आणायचा जहाजावरचा एक स्वयंपाकी, आणि त्याला गाण्यातलं काही कळत नसल्यामुळे तो चांगल्या आणायचा. ड्रम मशीन मिळालं एका बँडकडून. त्यांचा ड्रमवाला आजारी पडला म्हणून त्यांनी ते घेतलं होतं, तो बरा झाला आणि मशीन आमच्या गळ्यात पडलं. यायचे कोण, तर नर्सा, शिंपी, बसचे कंडक्टर, टेलिफोनच्या ऑफिसातल्या मुली. मला रेकॉर्डवाली म्हणायचे. डीजे हा शब्द तेव्हा गच्चीवर राहायचा.

आमच्याकडची गाणी सावकाश वाजतात हे कळल्यावर गच्चीवाल्याने हेर पाठवला. आधी त्यांना वाटलं आमचं मशीन बिघडलंय. मग गर्दी बघून त्यांनीही वेग उतरवला. मग नदीपलीकडच्यांनी उतरवला. चपलांच्या दुकानांत जड तळाचे बूट घसटीचे म्हणून विकायला लागले. वर्षभरात सगळं शहर पाय घासत होतं आणि का घासतोय हे एकालाही माहीत नव्हतं. नक्कल करायला कारण लागत नाही.

कारण मला माहीत आहे. सांगणार नाही. ज्याला त्याची लाज वाटायला हवी होती तो माणूस आता नाही, आणि गेलेल्याला लाजवून मला काय मिळणार आहे?

येणार नाही. मी इथे रोपवाटिकेत बरी आहे. रोपं बोलत नाहीत, त्यामुळे मला ऐकू येत नाही याचं त्यांना काही वाटत नाही. रेकॉर्ड विकून टाकल्या. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझी आत्या


१६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘कारण मला माहीत आहे, सांगणार नाही’ हे वाक्य आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायचं म्हणतोय. कलावंताने गुपित राखावं ते असं. रागावू नकोस, मी तुझी थट्टा करत नाही. बाबांबद्दलची तुझी भाषा मात्र गाळतो आहे. बहीण म्हणून तुला अधिकार आहे, भिंतीला नाही.

एक बातमी आहे, ती वाचून तरी तू येशील अशी आशा आहे. २ मेची संध्याकाळ आम्ही गोदामातच करतोय. तीच जागा, आत्या. मधली वर्षं तिथे कुलूप होतं. मालकाने एका दिवसासाठी दिली. जमीन अजून तीच आहे, मूळच्या फळ्या, नुसत्या घासून पॉलिश केल्या. पालिकेची परवानगीही हातात आली. आणि जिन्याखाली काय सापडलं सांगू? तुझ्या हातची पाटी. लाल रंगात, ‘उड्या मारू नयेत’. ती काचेच्या पेटीत ठेवतोय. खाली लिहिणार आहे, की मातीशी जोडलेलं राहण्याचा तो जाहीरनामा होता.

कार्यक्रमाची कल्पना माझीच आहे, म्हणून जरा बढाई मारतो. बाहेरून एक मोठा डीजे येतोय, त्याचा वेग तुमच्या संथ वेगाच्या जवळजवळ दुप्पट. पहिला तास तुमची जुनी गाणी. मग दिवे जातील, तुझी पाटी सर्वांसमोर उलटी केली जाईल, आणि तो म्हणेल, आता मारा उड्या. सगळी माणसं एकदम उडतील. तिकिटं कधीच संपली, उभं राहायला जागा नसेल. इतक्या वर्षांच्या संथपणाला वेगाचं उत्तर. कशी आहे कल्पना?

आई विचारते, गुडघे कसे आहेत.

तुझा,
ढब्बू


२० मार्च

ढब्बू,

कल्पना कशी आहे ते शेवटी सांगते. आधी बस आणि वाच.

जमीन तीच आहे म्हणून तुला आनंद झालाय, मला नाही. तुमच्या संथपणाचं कारण ती जमीन आहे. कारखाना नाही, दुःख नाही, माती तर अजिबात नाही.

गोदाम सुरू झालं तेव्हा मी रेकॉर्ड त्यांच्या स्वतःच्या वेगानेच लावायचे. गर्दी वाढली, सगळे एका ठेक्यात उड्या मारायला लागले, आणि जमीन हलायला लागली. नुसती थरथरली असती तर मी काही म्हटलं नसतं. ती खाली जायची आणि वर यायची. माझ्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी काठाबाहेर पडायचं. खालचा गादीवाला ओरडत जिना चढून यायचा, की छतातून भुसा आणि माती त्याच्या नव्या गाद्यांवर पडतेय. दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तू तुझं काम बघ.” पुन्हा सांगितलं, तेव्हा हसून म्हणाला, “पडले तर गाद्यांवरच पडतील ना.” सगळे हसले. मी नाही हसले.

मग मी माझं काम बघितलं. एका ठरावीक ठेक्याला जमीन झुलते आणि ठेका उतरवला की थांबते, हे मला त्या ग्लासावरून कळलं. पंचेचाळीसच्या वेगाची रेकॉर्ड मी तेहतीसवर लावली आणि बाजूची वेगाची पट्टी किंचित सरकवली. गाणारी बाई पुरुष झाली आणि पुरुष रेडा झाला. तुमच्या प्रबंधवाल्यांनी त्यावरही काही लिहिलं असेलच. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, पण दोन-तीन गाण्यांनंतर त्यात त्यांना गोडी वाटायला लागली. पाटी मी रंगवली. जो उडी मारेल त्याला बाहेर काढ, असं पैलवानाला बजावलं. म्हणून माणसं पाय घासायला लागली. पैलवानाच्या धाकाने पाय खाली राहिले, आणि त्याला तुम्ही नाव दिलंत.

पुढच्या उन्हाळ्यात दादाने महिनाभर गोदाम बंद ठेवलं. मला वाटलं, शहाणपण आलं. मी तेव्हा आईच्या आजारपणात गावी होते. परत येऊन बघते तर साहेबांनी भिंतींना काळा रंग दिलेला. जमिनीला हात नाही, फळी न फळी तशीच. भिंती रंगवायला सवड होती, माणसं वाचवायला नव्हती. गादीवाल्याची तक्रारही त्यानंतर बंद झाली. त्याचं तोंड कशाने बंद केलं ते मी विचारलं नाही, न विचारता समजले. मी माझा वेग आणखी उतरवला. जमीन शांत राहिली, माझ्या हाताने राहिली. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मी त्या ग्लासाकडे बघत रेकॉर्ड लावल्या, आणि लोकांना वाटायचं बाई तंद्रीत आहे.

शेवटी एक दिवस दुपारी, सगळी नोकर मंडळी झाडलोट करत असताना, मी त्याला म्हटलं, “तुला माणसं मेलेली चालतील, गर्दी कमी झालेली चालणार नाही.” तो म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.” मी गेले नाही. त्यानंतर त्याचं तोंड बघितलं नाही, तो गेला तेव्हाही नाही.

हे तुला कधीच सांगणार नव्हते. मुलाने बापाला मोठं म्हणावं, त्यात मला पाचर मारायची नव्हती. पण तू त्याच जमिनीवर दाटीवाटीने माणसं उभी करून त्यांना एकदम उडायला सांगणार आहेस. तुझी कल्पना भिकार आहे. कार्यक्रम रद्द कर.

आत्या


२७ मार्च

आत्या,

तुझं पत्र आईला दाखवलं नाही. दाखवण्यासारखं नाही.

मी तुला मान दिला, तुझी पाटी काचेत ठेवली, आणि तू मला काय पाठवलंस? बाबा गेल्यावर इतक्या वर्षांनी त्यांच्यावर माणसं मारायला निघाल्याचा आरोप. तोही नेमका आता, जेव्हा त्यांचं नाव पहिल्यांदा कुठे लागतंय. तुझं नाव त्यांच्या खाली आहे याचा राग आला असेल तर तसं सरळ लिहायचंस. मी वर घेतलं असतं.

जमीन हलायची, तर मग पडली का नाही? गोदाम पुढे तुझ्याशिवायही कितीतरी वर्षं चाललं. तुझ्या जागी आलेला मुलगा ग्लासाकडे बघत नव्हता. त्याला असलं काही कोणी सांगितलंच नव्हतं. तोही संथच वाजवायचा, कारण तोवर शहराला तेच आवडायला लागलं होतं. याचं तुझ्याकडे काय उत्तर आहे?

आणि नाकाने कांदे सोलायचेच तर थोडे मीही सोलतो. बाबा दोन महिने अंथरुणावर होते. आईने तुला कळवलं होतं. तू रोपांना पाणी घालत बसलीस. त्यांनी तुझ्याबद्दल एकदाही वाईट शब्द काढला नाही, हे मी तिथे बसून ऐकलेलं आहे. तू मात्र जमिनीच्या फळ्यासुद्धा मोजून ठेवल्यास.

परवानगी आहे. कार्यक्रम होणार.

भाचा


३० मार्च

ढब्बू,

रागाव. पोटभर रागाव, मला चालतं. माझं नाव भिंतीच्या खाली लाव, संडासाच्या दारावर लाव, नाहीतर लावूच नकोस.

जमीन का पडली नाही ते मला माहीत नाही. नशीब असेल. नशिबावर तू एवढी माणसं उभी करणार आहेस का? पालिकेची परवानगी म्हणजे टेबलावर बसून मारलेला शिक्का. शिक्का मारणारा गाद्यांच्या दुकानात शिरून वर बघून आला का, एवढंच विचार. नसेल आला तर इमारतींचं कळणारा माणूस खालून पाठव. वरून पॉलिश दिसेल.

हे केलं नाहीस तर मी स्वतः येईन आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसेन. मला ऐकू येत नाही, तेव्हा कोणी ऊठ म्हटलेलंही कळणार नाही.

आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी रागात होतो, मग लिहायचं कसं ते सुचेना.

माणूस पाठवला. खरं तर बाई होती, जुन्या इमारती तपासणारी, फार कमी बोलणारी. मीही बरोबर गेलो. गाद्यांचं दुकान आता गादीवाल्याची मुलगी चालवते. तिच्या वडिलांनी केव्हातरी छताला खालून पांढरे पत्रे ठोकून घेतले होते, त्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं. इंजिनिअरबाईंनी चार पत्रे काढायला लावले, शिडीवर चढल्या, आणि तिथूनच मला वर बोलावलं.

वर लोखंडी तुळया आहेत, आत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टोकं भिंतीत बसवलेली, आणि गोदामाच्या सगळ्या लाकडी तुळया त्यांच्यावर बोल्टांनी आवळलेल्या. बाई म्हणाल्या, ज्याने केलं त्याला जमीन पडण्याची फार भीती वाटत असावी, लागतं त्याच्या दुप्पट लोखंड घातलंय. इथे उड्या काय, ट्रक उभा करा. गादीवाल्याच्या मुलीला ते काम आठवतं. ती लहान होती. महिनाभर दुकान बंद होतं आणि सगळ्या गाद्या त्यांच्या घरात रचल्या होत्या, म्हणून भावंडांची चंगळ झाली होती. गोदामाला वर काळा रंग देत होते तोच उन्हाळा. काम सगळं खालून झालं, म्हणून वरची फळीही हलली नाही.

मग मी तुझं पत्र आईला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि आत निघून गेली. मी मागे गेलो तर म्हणाली, तिला कळलंच नाही का अजून. आईला सगळं माहीत होतं. बाबांनी पहिल्या वर्षी तुझं म्हणणं हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन त्यांना झोप लागायची नाही. काम करून घेतलं तेव्हा आईने सांगितलं, बहिणीला सांगा. तर म्हणाले, “सांगितलं की ती लगेच वेग वाढवेल. ती आता लावते ना, ते मला आवडतं. मी मागे उभा राहून ऐकतो.” शिवाय तुझं बरोबर होतं हे तुझ्या तोंडावर म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, असं आई म्हणते.

आणि तू सगळ्यांसमोर बोललीस त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईने पुन्हा म्हटलं, अहो, आता तरी सांगा. तर म्हणाले, “इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करून तिला एकदाही वाटलं नाही, की मी केलं असेन. वाटत नाही ना, मग नको वाटू दे.” शेवटच्या दुखण्यातही आईने विचारलं, सांगू का तिला. त्यांनी मान हलवली. नको म्हणाले.

तेव्हा पहिलं वर्ष सोडलं तर तुझ्या संथपणाचं कारण जमीन नव्हती. तू ग्लासाकडे बघत होतीस तेव्हा खाली लोखंड होतं. मी तुला चिडवत नाही. मला स्वतःला काय वाटतंय तेच कळत नाही. ‘द्रष्टा’ हा शब्द मी भिंतीवरून काढला आहे. पाटीखालचा जाहीरनामाही काढला. तिथे काय लिहू ते तू सांग.

ये ना.

तुझा,
ढब्बू


९ मे

वहिनी,

हे पत्र ढब्बूला दाखवू नकोस. त्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही आणि देणारही नाही. तो संग्रहालयवाला आहे, माझं पत्रसुद्धा काचेत ठेवील.

मी २ मेला आले होते. कार्यक्रमाला नाही. दुपारी आले, सरळ गाद्यांच्या दुकानात गेले. त्या दुकानात मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. रोज त्याच्या दारावरून जिना चढले, पण गादीवाल्याशी भांडण होतं ना, आपण कशाला त्याच्या दारात जायचं. ती मुलगी आली आणि काहीतरी विचारलं. ओठांवरून वाटलं, कडक पाहिजे की मऊ. मी म्हटलं, झोपून बघते. तिने मधली गादी दाखवली. मी आडवी झाले आणि वर बघितलं.

पत्रे अजून लावलेले नाहीत. सगळं उघडं आहे. तुळया केवढ्या जाड आहेत गं. आणि टोकं भिंतीत शिरतात तिथेही, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने गंजू नये म्हणून रंग देऊन ठेवलाय. तो माणूस घरातला नळ गळायला लागला तर खाली बादली ठेवायचा आणि विसरून जायचा. त्याने हे केलं. मी तिथे पडून त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मूर्खा, एवढं केलंस तर एक शब्द सांगायचास. एक शब्द. मागे उभा राहून ऐकत होतास तर खांद्यावर हात ठेवायचास, मी वळले असते. मला कितीतरी वर्षं त्या ग्लासाची स्वप्नं पडायची. अजून पडतात.

मग शिव्या संपल्या आणि मी रडले. त्या मुलीला वाटलं माझी कंबर धरली. तिने उशी आणून दिली.

तुझाही मला राग आहे, वहिनी, तो लिहून टाकते म्हणजे पोटात राहणार नाही. तो नको म्हणाला आणि तू गप्प बसलीस. कधीपासून ऐकायला लागलीस त्याचं? एवढं एक सोडून आयुष्यात त्याचं काय ऐकलंस तू? तू या लोखंडाचं कळवलं असतंस तर मी मिळेल त्या गाडीने आले असते, भांडायला का होईना आले असते. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, दोघंही एकाच आईची. पण तू बाहेरून आलेली, तुला तरी अक्कल असायला हवी होती.

संध्याकाळी वर माणसं जमायला लागली तेव्हा मी खालीच थांबले. मुलगी दुकान बंद करायची खोळंबली होती, तिला म्हटलं थोडं थांब. कार्यक्रम सुरू झाला. मला काही ऐकू आलं नाही, नेहमीप्रमाणे. केव्हातरी तिने छताकडे बोट दाखवलं आणि स्वतः दोन उड्या मारून दाखवल्या, म्हणजे आता वर सगळे उड्या मारतायत. मी भिंतीला हात लावला, मग गाद्यांच्या कपाटाला लावला. वरून भुशाचा एक कण पडला नाही. मी तिला म्हटलं, माझ्या भावाने केलंय हे. तिने मान डोलावली, तिला काय कळलं कोण जाणे. पण हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं, आणि म्हटल्यावर मला फार बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं, कारण ते ऐकायला तो नव्हता.

तिथून तुमच्या गल्लीत आले. तुमच्या दारापर्यंत आले. खिडकीत दिवा होता, तू आत फिरत होतीस, एकटीच. बेलवर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. बेल वाजली की नाही हे मला कळत नाही, आणि आतून तू काय म्हणालीस तेही कळणार नाही. ये म्हणालीस की जा म्हणालीस, मी दारातच उभी राहणार. म्हणून परत गेले आणि आज लिहायला बसले.

पुढच्या रविवारी येते. मी आले तर तुला चालणार असेल तर दार उघडं ठेव.

तुझी नणंद